एका पट्टीवर दोन थोरल्या

यास्मिनच्या दुकानात 'गुलाम' हा शब्द चालत नाही. तो तिच्या अब्बांच्या, युसूफमियांच्या वेळेपासूनच चालत नाही. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एकाच पट्टीवर, म्हणजे त्या चपट्या राखाडी वायरवर, दोन हार्ड डिस्क लावायच्या असतील तर एकीला मास्टर आणि दुसरीला स्लेव्ह करावं लागतं. डिस्कच्या पाठीमागं बारीक पिना असतात, त्यांवर नखाएवढी टोपी बसवायची. टोपी इकडच्या पिनांवर बसली की मास्टर, तिकडच्या पिनांवर बसली की स्लेव्ह. ही नावं ज्यानं ठेवली त्याला दुसरं काही सुचलं नसेल, तर त्याच्या घरची रीत कसली असेल हे अल्लाच जाणे. युसूफमियांना कुणीतरी त्या शब्दांचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. "अपनी दुकान में कोई किसी का गुलाम नक्को," ते म्हणाले. "एक बडी, एक छोटी. बस." मराठी गिऱ्हाईक असलं की तेच थोरली आणि धाकटी. एका चुलीपाशी दोन जावा नांदाव्यात तशा दोन डिस्का एका पट्टीवर नांदायच्या.

त्या टोपीला बाजारात जंपर म्हणतात. "मियां, माझ्या आजीच्या पेटीत लई झंपर हायेत, आणून देऊ का?" असं म्हणून जुनी गिऱ्हाइकं युसूफमियांना छळायची. ते हसायचे आणि हसता हसता मशीन चालू करून द्यायचे. रेडिओपासून सुरुवात केलेला माणूस, मग टेप, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. पोरांना त्यात रस नव्हता. शाळा सुटली की यास्मिनच येऊन बसायची. तिचं लग्न झालं, नवरा वाळूजच्या शिफ्टच्या बसवर ड्रायव्हर मिळाला, अब्बा गेले, आणि चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर तिनं येऊन दुकानाचं शटर वर ओढलं. रोशन गेटच्या त्या गल्लीत काही लोकांना पोटशूळ उठला. बाईमाणूस पेचकस घेऊन बसते म्हणजे काय! त्याच लोकांचे बंद पडलेले टीव्ही पुढं तिच्याच टेबलावर आले, हे वेगळं सांगायला नको.

शहर तेव्हा नुसतं फुगत होतं. रस्ता रुंद करायला महापालिकेची माणसं आली आणि दुकानाचा पुढचा निम्मा भाग घेऊन गेली. उरलेल्या खणात एक टेबल, एक कूलर, दोन स्टुलं आणि यास्मिन एवढंच मावायचं. नव्या लॅपटॉपांची, मोबाइलची चकाचक दुकानं मोठ्या रस्त्याला झाली होती. यास्मिनकडं यायचं ते तिथून परत पाठवलेलं, "हे आता कुठं होत नाही" असं सांगून घालवून दिलेलं. अशा कामांसाठी तिनं टेबलाखाली एक जुनाट मशीन जपून ठेवलं होतं. ते अजून फ्लॉपीवरून उठायचं आणि त्यावर पट्टीचं एकच तोंड चालू होतं, दुसरं कधीचंच जळालं होतं.

अंगद आणि त्याचे वडील मुंजाबा तिच्याकडं आले ते २०१३च्या उन्हाळ्यात. आदल्या वर्षी पाऊस नावापुरता झाला होता. शहरात नळाला पाणी आलं की लोक सणासारखे उठून हंडे मांडायचे, आणि कन्नड तालुक्यातल्या गावांत तर टँकरच्या मागं धावत सुटायचे. अंगद वाळूजला एका कारखान्यात मशीनवर होता. मुंजाबा मेंढपाळ. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडी, आणि गळ्याला उपरणं गुंडाळलेलं. त्या उपरण्याखाली ऑपरेशनचं भोक होतं. आजारानं त्यांचा आवाज गेला होता, कायमचा.

अंगदनं रुमालात बांधलेली डिस्क टेबलावर ठेवली. "आपा, ह्यात माझ्या बाचा आवाज हाय."

यास्मिननं डिस्क उचलून कानाशी हलवली. "म्हणजे?"

"बा ओव्या गायचा. बिरोबाच्या यात्रेत, ढोलावर. आमच्याकडच्या पाच-पन्नास गावांत असा गळा नव्हता. कन्नडच्या एका स्टुडिओवाल्यानं भरून घेतल्या व्हत्या. त्यानं धंदा मोडला, कॉम्प्युटर इकला, ही तेवढी मला दिली. म्हणला, तुझ्या बाचं हाय, तूच ठेव."

"कॅसेट नाय काढली?"

"काढलती. टेपनं खाल्ली." अंगदनं वडिलांकडं पाहिलं. "यात्रा तोंडावर आलीय. यंदा देवाम्होरं गायला कोनीच नाय. हे वाजवावं म्हणलं. मोठ्या दुकानात दाखवलं, त्यांनी हात वर केले."

"घरात दुसरं कुणी गात नाय?"

"थोरला भाऊ, भारत, मेंढरं घेऊन घाटाखाली उतरलाय चाऱ्यासाठी. आन त्याचा गळा मेंढरांना हाक मारन्यापुरता."

"आणि तुम्ही?"

अंगद स्टुलावर जरा सरकून बसला. "मी कंपनीत असतो," तो म्हणाला, जणू कंपनीच्या गेटवर गळा काढून ठेवावा लागतो. मुंजाबांनी नजर दुसरीकडं वळवली. शाळेत पोरं 'मेंढक्या' म्हणून चिडवायची तेव्हापासून या धाकट्यानं ओवीला तोंड लावलं नव्हतं. हे यास्मिनला तेव्हा माहीत नव्हतं, पण बापलेकांत काहीतरी सलतंय एवढं तिला दिसलं.

तिनं डिस्क आधी यूएसबीच्या डबीवर लावून पाहिली. ती उठलीच नाही. मग टेबलाखालचं जुनं मशीन वर काढलं, पट्टीला एकटी डिस्क लावली आणि बटण दाबलं. टक. टक. टक. मुंजाबा पुढं झुकले. डिस्क पुन्हा टकटकली, थांबली, आणि कण्हत कण्हत फिरायला लागली. यास्मिननं लगेच मशीन बंद केलं.

"का बंद केलं? चालू झालतं की!" अंगद जवळजवळ ओरडला.

"म्हणूनच बंद केलं. ही शेवटच्या घटका मोजतेय, भाऊ. अजून किती वेळा उठेल सांगता येत नाय. उठली की त्याच दमात सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. रस्त्यात दम सोडला तर मग कुणाच्याच हाती काय लागायचं नाय."

दुसरी डिस्क तशाच जुन्या जातीची हवी होती. जुन्या बाजारातून आणलेली एक यास्मिनकडं होती. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातली, पुसून कोरी केलेली. दिसायला दोघी सारख्याच, माप सारखंच, फक्त मुंजाबांची डिस्क वयानं जुनी. त्या दुपारी खणात भट्टी पेटल्यासारखं झालं होतं. यास्मिननं कूलर मशीनकडं वळवला, तर त्याची टाकी कोरडी. नळाला पाणी यायला अजून अवकाश होता. ती काही बोलायच्या आत मुंजाबा उठले आणि त्यांनी आपली प्यायच्या पाण्याची बाटली टाकीत उपडी केली. घशाला दर थोड्या वेळानं घोट लागणारा माणूस तो! यास्मिन "बाबा, बाबा" करत राहिली. अंगद वडिलांवर चिडला आणि पाणी शोधायला गल्लीत धावला.

नेमकं तो बाहेर होता तेव्हाच जे व्हायचं ते घडलं.

यास्मिननं दोन्ही डिस्का पट्टीवर लावल्या आणि मशीन चालू केलं. पडदा काळा. दोघींपैकी एकीचाही पत्ता नाही. तिनं घाईनं बंद केलं आणि पाठीमागं पाहिलं. दोघींच्या टोप्या थोरलीच्या पिनांवर. एका पट्टीवर दोन थोरल्या झाल्या की मशीन कुणाचंच ऐकत नाही. तिनं कोऱ्या डिस्कची टोपी काढून धाकटीच्या पिनांवर घातली आणि पुन्हा बटण दाबलं. टक. टक. टक. टक. पडदा काळाच. ही आजारी डिस्क अशी थोरली होती की तिला पट्टीवर दुसरी कुणी खपतच नव्हती. काही कंपन्यांनी असली खोड घालून ठेवलेली असते, एकटी असेल तर टोपी एका जागी, जोडीला कुणी असेल तर भलत्याच जागी. ती जागा डिस्कवरच्या कागदावर छापलेली असते, आणि इथं तो कागद घामानं, रुमालानं घासून पांढरा पडला होता. चुकीच्या जागा धुंडाळत बसायचं तर दर खेपेला त्या डिस्कचा थोडा थोडा जीव जाणार.

ती हात मांडीवर ठेवून बसली. भीती वाटत होती, आणि ती लपवायला समोर फक्त एक मुका म्हातारा होता, म्हणून तिनं लपवली नाही. "बाबा, मला डर वाटतोय," ती म्हणाली. मुंजाबांनी तिच्याकडं पाहिलं आणि बोटानं टेबलावर हळू ठेका धरला, ढोलावर धरतात तसा. घाई नको असं सांगायचं होतं की नुसती सवय होती, कोण जाणे. यास्मिनचा श्वास मात्र जागेवर आला.

मग तिनं उलटं केलं. आजारी डिस्कची टोपी पूर्णच काढून टाकली. त्या कंपनीच्या डिस्का टोपी काढली की बहुतेक धाकटेपणानं वागतात. कोरीला केलं थोरली. बटण दाबलं. दोन टकटक झाल्या, आणि पडद्यावर दोघींची नावं एकाखाली एक उमटली.

"या अल्ला!" यास्मिननं टाळीच वाजवली. "बाबा, राग मानू नका हां. तुमच्या डिस्कला धाकटी केलं, तेव्हा कुठं ऐकलं तिनं."

मुंजाबांचे खांदे हलले. आवाज नसलेलं हसू होतं ते. त्यांनी करंगळी वर करून दाखवली, मग डिस्ककडं बोट केलं, आणि पुन्हा हसले.

अंगद पाणी घेऊन आला तोवर मशीन चालू होतं आणि आता ते बंद करायची सोय नव्हती. आजारी डिस्कचं पट्टीचं तोंड चिरलेलं होतं आणि आता ढिलं पडत होतं, यास्मिननं अंगठ्यानं दाबून धरलं तरच जोड टिकत होता. दुसरा हात डिस्कच्या पाठीवर. टेबल एवढंसं की पडदा अंगदच्या बाजूला वळलेला. "तुम्हीच बसा की-बोर्डवर," ती म्हणाली. "दोन खाने दिसतील, वर एक, खाली एक. त्यात नंबर आहेत."

"दिसतायत. ह्यातला खालचा नंबर आपल्या डिस्कचा. मला पाठ हाय."

"बस. धाकटीतून थोरलीत घ्या."

अंगदनं क्षणभर विचार केला. काळजीनं केला, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. धाकटीतून थोरलीत. बाची डिस्क जुनी, म्हणजे थोरली. बाजारातून आलेली पोरगी नवी, म्हणजे धाकटी. मशीनचं काम आपल्याला काय कळतंय, आपा सांगते तसं करावं. त्यानं दाबलं. पडद्यानं विचारलं, नक्की का? त्यानं नक्की म्हणून पुन्हा दाबलं.

यास्मिनच्या तळव्याखाली डिस्क सळसळली. सुरळीत, एका लयीत. ती खूश झाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. मघाशी नुसतं उठताना ही आजारी डिस्क दर खेपेला ठेचकाळत होती. आता एकदाही नाही?

"अंगदभाऊ, मधे बाण दिसतोय ना? तो वर जातोय का खाली?"

"खाली चाललाय."

यास्मिननं अंगठा सोडला आणि झडप घालून भिंतीतला प्लग उपटला. कूलरसकट सगळं बंद पडलं. गल्लीतला एक टँकर भोंगा वाजवत गेला तेवढाच आवाज.

"काय झालं?"

"कोरी डिस्क तुमच्या डिस्कवर उतरत होती. पुसत होती!"

अंगदचा चेहरा राखेसारखा झाला. मग तो भडकला. "तुम्हीच म्हणला ना, धाकटीतून थोरलीत!"

"मग? तुमचीच धाकटी! टोपी काढून मीच केली!"

"माझ्या बाची डिस्क धाकटी? थोरलं-धाकटं काय टोपीवरनं ठरतं व्हय? जन्मानं ठरतं ते! ते काय तुम्ही ठरवायचं? बंद करा हे दुकान!"

भरल्या डिस्कला लाल दोरा बांधायचा, ही अब्बांची शिस्त होती. 'बोली पर भरोसा नक्को,' ते म्हणायचे. आणि तिनं नेमका बोलीवरच भरवसा ठेवला होता. जो शब्द तिच्या घरात टोपीचा होता तो समोरच्या घरात रक्ताचा होता, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

मुंजाबा उठले. त्यांनी लेकाच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं सारलं, करंगळी वर करून दाखवली आणि डिस्ककडं बोट केलं. मग यास्मिनकडं. मग स्वतःच्या कानाकडं. ही बोलली होती, मी ऐकलंय. अंगद बघत राहिला. ऐकलेलं सांगायला माणसाला गळा लागतो, आणि तोच नव्हता. अंगद मटकन स्टुलावर बसला आणि हातात तोंड घालून रडायला लागला.

"किती गेलं?" तोंड वर करून त्यानं विचारलं.

"सुरुवात गेली. नावं, पत्ते पण गेले असतील. बाकीचं आत असंल तर काढते." यास्मिनचा आवाज घट्ट होता, पण डोळे भरले होते. "ठेवून जावा. काढूनच बोलावते."

ते दिवस तिनं कसे काढले ते तिच्या नवऱ्याला विचारा. जेवताना उठायची, दुकानात जाऊन डिस्कच्या पाठीवर हात ठेवून यायची, ताप बघावा तशी. लाल दोरा आता बांधलेला होता. आधी बाण वर नेऊन राहिलेलं सगळं कोऱ्या डिस्कवर घेतलं. घरचं पिण्याचं पाणी कूलरला घातलं म्हणून सासूची बोलणी खाल्ली. शेवटच्या टप्प्यात आजारी डिस्क टकटकली आणि जी थांबली ती थांबलीच. पण तोवर तिच्यातलं बहुतेक बाहेर आलं होतं. मग कोऱ्या डिस्कवर, नाव-गाव नसलेल्या त्या ढिगातून आवाजाचे तुकडे वेगळे काढायचं किचकट काम. पहिल्यांदा स्पीकरमधून ढोल वाजला तेव्हा ती दुकानात एकटीच 'बाबा!' म्हणून ओरडली.

बापलेक आले. यास्मिननं काही न बोलता तुकडा लावला. ढोल, टाळ, मागं यात्रेचा गलका, आणि त्यातून एक खडा, उंच गळा एकदम ओवीच्या मध्यातच उसळून वर आला. दुकानापुढं गल्लीत दोन माणसं थांबली. अंगदच्या अंगावर काटा आला. त्यानं वडिलांकडं पाहिलं.

मुंजाबांनी टेबलावर जोरात हात आपटला. बंद.

यास्मिन दचकली. तिनं बंद केलं. "आवडलं नाय? आवाज साफ नाय का, बाबा?"

मुंजाबा मान हलवत होते. त्यांनी हात जोडले, कपाळाला लावले, आणि बोटानं हवेत मागं, मागं अशी खूण केली. अंगदला कळलं. "सुंबरान नाय त्यात. आधी देवाचं सुंबरान मांडायचं, त्याला बोलवायचं, मग ओवी. त्याच्याबिगर ओवी ऐकू नये, ऐकवू नये. तेच पहिलं व्हतं डिस्कवर." तो थांबला. "तेच मी पुसलं."

एवढं करून हे यात्रेत वाजणार नाही, हे यास्मिनला समजलं. काहीतरी म्हणायला तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात मुंजाबांनी हात वर केला. त्यांनी लेकाचा उजवा हात धरला, तो उचलून त्याच्याच कानावर ठेवला, गाणारा धरतो तसा, आणि वर आपला हात दाबून धरला.

"बा, मला नाय येत," अंगद म्हणाला. "मी कवाच..."

मुंजाबांनी हात काढला नाही. दुसऱ्या हातानं टेबलावर ठेका धरला. तोच, त्या दिवशीचा. अंगद गल्लीकडं बघत होता, तिथं आता चार माणसं उभी होती, शाळेतल्या पोरांसारखी बघत. त्यानं डोळे मिटले. पहिला स्वर फुटका निघाला, दुसरा थोडा सावरला. शब्द त्याला सगळे येत होते. लहानपणी मेंढरांच्या वाड्यात बापाच्या पाठीला पाठ लावून झोपताना ऐकलेलं कुठं जातंय? त्यानं देवाचं नाव घेतलं, डोंगराचं घेतलं, पाण्याचं घेतलं, मेंढरांमागं गेलेल्या भावाचं घेतलं. बाप ठेका देत होता आणि त्याचे ओठ लेकाबरोबर हलत होते.

यास्मिन एका हातानं डोळे पुसत होती. दुसरा मशीनच्या बटणावर होता. अंगदनं सुंबरान संपवून श्वास घेतला, तिनं बटण दाबलं, आणि स्पीकरमधून पुढची ओवी मुंजाबांनी उचलली.